पांढरी तीनवरचा वसंत

युरोपातलं बरोक काळातलं वाद्यसंगीत ऐकायला सुरुवात करायची म्हटलं, की जाणकार आधी एक अट घालतात. विवाल्डी, बाख, हँडेल यांची कन्चेर्टो ऐकायची तर त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवरचीच ऐका, आजच्या वाद्यांवरची ध्वनिमुद्रणं जुनाट आणि जडशीळ असतात, असं ते सांगतात. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर भागातल्या ज्या श्रोत्यांच्या कानावर भजन, नाट्यगीत, ख्याल आणि हिंदी चित्रपटसंगीत आहे, त्यांना माझा सल्ला नेमका उलटा आहे. आधुनिक वाद्यांवरच्या ध्वनिमुद्रणांपासूनच सुरुवात करा. ती हाताशी आहेत म्हणून मी हे सांगत नाही. त्यांतली उत्तम ध्वनिमुद्रणं खरोखर थोर आहेत, आणि आपल्या कानाला त्यांची वाट आधीपासून माहीत आहे.

आधी काळ नीट डोळ्यांसमोर आणू. युरोपीय संगीतात साधारण १६०० ते १७५० या काळाला बरोक म्हणतात. विवाल्डीचा जन्म व्हेनिसमध्ये १६७८ साली झाला, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर चार वर्षांनी. गुरू गोविंदसिंगजी नांदेडला ज्योतीज्योत समावले ते १७०८ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७११ मध्ये, विवाल्डीच्या बारा कन्चेर्टोंचा संच अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापून निघाला आणि युरोपभर गाजला. बाख आणि हँडेल दोघेही १६८५ चे. बाखनं आपले सहा ‘ब्रांडेनबुर्ग’ कन्चेर्टो १७२१ मध्ये अर्पण केले, विवाल्डीचे ‘चार ऋतू’ १७२५ मध्ये छापले गेले, आणि हँडेलनं आपले बारा मोठे कन्चेर्टो १७३९ मध्ये साधारण महिन्याभरात लिहून काढले. कन्चेर्टो म्हणजे एक किंवा काही मोजके वादक एका बाजूला आणि सगळा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला, अशी रचना. बहुतेक कन्चेर्टोंचे तीन भाग असतात: जलद, संथ, पुन्हा जलद. एकेक कन्चेर्टो दहा-पंधरा, फार तर वीस मिनिटांत संपतो, त्यामुळे वेळ नाही ही सबब इथे चालत नाही.

तेव्हाच्या आणि आजच्या वाद्यांत फरक काय? तेव्हाच्या व्हायोलिनला मेंढीच्या आतड्याच्या तारा असत, मान थोडी आखूड आणि कमी कललेली असे, हनुवटी टेकवायची पट्टी नव्हती. गजाची काठी बाहेरच्या बाजूला वाकलेली असे. आज दिसतो तो आत वाकलेला, लांब आणि दमदार गज अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये तुर्त यानं घडवला. बासरी लाकडी आणि एकाच किल्लीची होती, ट्रम्पेटला झडपा नव्हत्या. पुढे सभागृहं मोठी झाली, आवाज दूरवर पोचवायची गरज निर्माण झाली, तशी वाद्यं बदलत गेली. तारा धातूच्या झाल्या, ताण वाढला, स्वर भरदार झाला आणि लांबवता येऊ लागला.

आता आपल्याकडे बघा. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ महाराष्ट्रात घराघरांत ऐकलं गेलं. व्ही. जी. जोग आणि डी. के. दातार यांनी व्हायोलिनवर राग गायला. ही सगळी व्हायोलिनं आधुनिक घडणीची, धातूच्या तारांची आणि आधुनिक गजाची. व्हायोलिनचा स्वर म्हणून जो आपल्या मनात ठसला आहे, तो हाच लांब श्वासाचा, मींड पेलणारा स्वर. हिंदी चित्रपटांतले व्हायोलिनचे ताफेही याच वाद्यांचे. ते ताफे घडवण्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं एक ठळक नाव. त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. चर्चमधलं युरोपीय संगीत शिकलेली गोव्याची ही माणसं मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत बसली आणि त्यांच्या गजातून युरोपीय वाद्यवृंदाचा आवाज मराठवाड्यातल्या पानटपरीवरच्या रेडिओपर्यंत पोचला. म्हणून ई मुझिची किंवा अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स या आजच्या वाद्यांवर वाजवणाऱ्या ताफ्यांचं ध्वनिमुद्रण लावल्यावर परकेपणा वाटला तर तो रचनेचा असेल. त्या आवाजाशी आपली जुनी ओळख आहे.

आणखी एक फायदा अगदी व्यवहारातला आहे, आणि पेटी वाजवणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. आधुनिक वाद्यांची पट्टी आपल्या पेटीशी जवळपास जुळते. ‘चार ऋतूं’तला ‘वसंत’ लावा आणि पेटीवर पांढरी तीन धरा, षड्ज सापडेल. ‘ग्रीष्म’ पांढरी पाचवर आहे, ‘शरद’ आणि ‘शिशिर’ दोन्ही पांढरी चारवर. बाखचा दोन व्हायोलिनांचा कन्चेर्टो पांढरी दोनवर. जुन्या वाद्यांचे ताफे बहुधा अर्धा स्वर खाली लावतात, त्यामुळे त्यांचा ‘वसंत’ काळी दोनवर ऐकू येतो. षड्ज सापडला की आपल्या श्रोत्याचं निम्मं काम झालं. पुढे संगीत कुठे सरकतं आहे हे त्याला स्वरांच्या नावांनी कळू लागतं, आणि हा आधार युरोपातल्या सामान्य श्रोत्याकडे नसतो.

मग अस्सलपणाचं काय, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर खुद्द बाखनं देऊन ठेवलं आहे. विवाल्डीचा चार व्हायोलिनांचा कन्चेर्टो त्यानं चार हार्प्सिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोआधीच्या कळफलकाच्या वाद्यासाठी, बदलून घेतला. स्वतःचे व्हायोलिन कन्चेर्टोही त्यानं हार्प्सिकॉर्डवर आणले. जे संगीत त्याच्या कर्त्यांनीच एका वाद्यावरून दुसऱ्यावर नेलं, ते पियानोवर किंवा आजच्या व्हायोलिनवर आलं म्हणून विटाळत नाही. शिवाय इतिहास बघा. विवाल्डी मेल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं जवळजवळ विस्मृतीत होता. त्याच्या हस्तलिखितांचे मोठे गठ्ठे १९२६ ते १९३० च्या दरम्यान तुरीन शहराच्या ग्रंथालयात येऊन पोचले. ‘चार ऋतू’ जगभर माहीत झाले ते त्यानंतर, लाँग प्ले तबकड्यांच्या काळात. लुई कॉफमननं १९४७ मध्ये, कार्ल म्युन्शिंगरच्या श्टुटगार्ट ताफ्यानं १९५१ मध्ये आणि रोमच्या ई मुझिचीनं १९५५ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले. हे सगळे आधुनिक वाद्यांवर वाजवणारे. निकोलाउस हार्नोनकूरचा जुन्या वाद्यांचा ताफा १९५३ साली निघाला, आणि त्या चळवळीला बहर आला १९७० नंतर. विवाल्डीला परत आणलं ते आजच्या वाद्यांनी, हे मान्य करायला हवं.

पहिलं ध्वनिमुद्रण

मी पहिलं म्हणून सुचवतो ते झुबिन मेहतांचं. मुंबईत मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकानं १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्याच वर्षी त्याला मुलगा झाला, तो झुबिन. घरातल्या तालमी आणि तबकड्या ऐकत तो वाढला, अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला आणि जगातल्या पहिल्या फळीच्या संचालकांत जाऊन बसला. इस्रायल फिलहार्मोनिक हा त्याचा आयुष्यभराचा वाद्यवृंद. ब्रोनिस्लाव हुबरमन या व्हायोलिनवादकानं तो १९३६ मध्येच स्थापन केला होता. हुबरमनच्या जन्मशताब्दीला, १९८२ साली, तेल अवीवमध्ये महोत्सव झाला आणि त्यात ‘चार ऋतू’ चार वेगवेगळ्या व्हायोलिनवादकांनी वाजवले: वसंत आयझॅक स्टर्ननं, ग्रीष्म पिंकस झुकरमननं, शरद श्लोमो मिंट्झनं आणि शिशिर इट्झाक पर्लमननं. संचालन मेहतांचं. डॉइच ग्रामोफोननं ते प्रकाशित केलं.

नवख्या श्रोत्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही. वाद्यवृंद एक, संचालक एक, रचनाकार एक. बदलतो फक्त गज. एका बैठकीत चार गायक ऐकून त्यांचा लगाव ओळखण्याची सवय आपल्या रसिकांना असतेच. नांदेडच्या संगीत शंकर दरबाराला बसणाऱ्यांना तर मी वेगळं सांगायला नको. स्टर्नचा स्वर रुंद आणि ठाम आहे, पर्लमनचा गोड आणि चकाकता. झुकरमनचा गज खोलवर तारेत रुततो, आणि ‘ग्रीष्मा’ला तेच हवं आहे.

ऐकायचं कसं? कन्चेर्टोचा जलद भाग उलगडण्याची किल्ली आपल्या भजन-कीर्तनात आहे. बुवा ओवी किंवा अभंगाचं चरण घेऊन लांब जातात, आणि मागे उभे असलेले टाळकरी धृपद धरतात. बुवा कितीही फिरले तरी धृपदावर येतात, आणि तिथे सगळ्यांचा आवाज एकदम उसळतो. हुजूर साहिबात शबद-कीर्तन ऐकणाऱ्यांना ‘रहाउ’च्या ओळीचं परत परत येणं परिचयाचं आहे. विवाल्डीचं तसंच आहे. सगळा वाद्यवृंद सुरुवातीला धृपद वाजवतो, त्याला इटालियनमध्ये रितोर्नेल्लो म्हणतात. मग एकटा व्हायोलिनवादक पुढे होतो, फिरतो, आणि धृपद परत येतं.

‘वसंता’चा पहिला भाग साडेतीन मिनिटांचा आहे. धृपदाची पहिली ओळ जोरात, मग तीच हळू; दुसरी ओळ जोरात, पुन्हा हळू. एवढं पाठ करून टाका. त्यानंतर तीन व्हायोलिनं पाखरांसारखी किलबिल करतात. धृपदाची दुसरी ओळ परत येते. मग ओढ्याचं खळाळणं, खालच्या आवाजात. पुन्हा धृपद, पण इथे कान टवकारा: आता पंचमाला षड्ज केलं आहे. मग वादळ येतं, सगळे गज तारांवर थरथरतात, एकटं व्हायोलिन विजेसारखं धावतं. वादळ ओसरल्यावर धृपद येतं ते धैवताला षड्ज करून, कोमल गंधार घेऊन. तीच ओळ, तीच लय, पण चेहरा उतरलेला. काही वेळानं मूळ षड्जावर परत आल्यावर जी मोकळीक वाटते, तिच्यासाठीच हा सगळा प्रवास आहे.

आपल्या कानाला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट हीच. आपला षड्ज तानपुऱ्यानं बांधलेला. बैठक संपेपर्यंत तो हलत नाही. या संगीतात षड्जच जागा बदलतो. मूर्च्छना म्हणून जे आपण शास्त्रात शिकतो, साधारण तशी गोष्ट इथे दर मिनिटाला घडते. पहिल्यांदा ऐकताना यामुळे थोडं अधांतरी वाटेल. पेटी जवळ ठेवा, प्रत्येक वेळी धृपद परत आलं की नवा षड्ज शोधा. ‘वसंता’चा हा एक भाग असा पक्का झाला की विवाल्डीचे शेकडो कन्चेर्टो तुमच्यासाठी उघडतात, कारण त्यांतल्या बहुतेकांचा सांगाडा हाच आहे.

दुसऱ्या भागात शेळ्या राखणारा झाडाखाली झोपला आहे. एकल व्हायोलिन त्याची झोप वाजवतं, बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ, आणि व्हायोला हे थोडं मोठं वाद्य दोन-दोन ठोके सतत टाकत राहतं. तो भुंकणारा कुत्रा. विवाल्डीनं स्वरलिपीत तसं लिहूनच ठेवलं आहे आणि हे ठोके जोरात, ओरबाडल्यासारखे वाजवा अशी सूचनाही दिली आहे. आधुनिक ताफे इथे बऱ्याचदा संकोचतात आणि कुत्र्याला गप्प करतात. ज्या ध्वनिमुद्रणात कुत्रा नीट ऐकू येतो, तिथे संचालकानं स्वरलिपी मनापासून वाचली असं समजायला हरकत नाही.

‘ग्रीष्मा’विषयी मला विशेष बोलायचं आहे. इंग्रजी कवितांमुळे युरोपातला उन्हाळा म्हणजे सुखाचे दिवस अशी आपली समजूत होते. विवाल्डीचा उन्हाळा तसा मुळीच नाही. तो मराठवाड्याचा उन्हाळा आहे. सुरुवातीला सूर तुटक, दमलेले, एक पाऊल टाकून थांबणारे. माणूस, गुरं, झाडं, सगळी उन्हानं गळून गेलेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला ही सुरुवात समजावून सांगायची गरज नाही. संथ भागात मेंढपाळाला माश्या सतावतात आणि मधूनच दूरवर ढग गडगडतात. तिसऱ्या भागात गारपीट होते आणि उभं पीक झोपतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी शिवारात उभं राहून पाहिली, हाताशी आलेली ज्वारी-गहू आडवा झालेला पाहिला, त्यांना तो भाग नुसता जोशपूर्ण वाटणार नाही. मोबाइलवरच्या जाहिरातींत आणि रीलमध्ये हा तुकडा आज थरारासाठी वापरला जातो. ऐकताना मेंढपाळाची भीती आणि पिकाचं नुकसान मनात ठेवा. विवाल्डीनं सोबत छापलेल्या सुनीतांत तेच आहे. इथे आधुनिक वाद्यांची ताकद पुरेपूर कामी येते: धातूच्या तारा, लांब गज आणि मोठा ताफा यांनी गारांचं वजन कानावर आदळतं.

पुढची पायरी

मेहतांनंतर ई मुझिची ऐका. रोमच्या सांता चेचिलिया अकादमीतून निघालेल्या बारा वादकांनी १९५१ मध्ये हा ताफा काढला. त्यात संचालक नसतो. एकमेकांकडे बघून, श्वास धरून वाजवतात. फेलिक्स आयोनं त्यांच्यासोबत १९५९ मध्ये स्टिरिओत केलेलं ‘चार ऋतू’ आजही माझ्या मते या संगीताचं सर्वांत गाणारं रूप आहे. लय जरा सबुरीची, पण संथ भागांत प्रत्येक स्वर पूर्ण उमलतो. त्यानंतर नेव्हिल मरिनर आणि अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स यांचं १९६९ चं, अ‍ॅलन लव्हडे या वादकाबरोबरचं. ताफा छोटा, लय चपळ, हार्प्सिकॉर्डसोबत ऑर्गनचाही रंग. वाद्यं आजची, पण बरोक काळाचा अभ्यास करून वाजवलेलं, असं हे ध्वनिमुद्रण आहे आणि दोन्ही गटांच्या जाणकारांना ते पटतं.

एक तुलना करून बघाच. ‘शिशिरा’चा संथ भाग घ्या. बाहेर पाऊस पडतो आहे आणि आत शेकोटीपाशी माणूस शांत बसला आहे. साथीची व्हायोलिनं तारा छेडून पावसाचे थेंब वाजवतात. जुन्या आधुनिक-वाद्य ध्वनिमुद्रणांत तो सावकाश, आलापीसारखा येतो. जुन्या वाद्यांचे ताफे तो बरेचदा खूप जलद घेतात. दोन्ही ऐकून तुम्हीच ठरवा. माझा कौल सावकाश वाजवणाऱ्यांना आहे, कारण एवढी सुंदर ओळ मनात मुरायला तेवढा वेळ हवा.

बाखकडे वळताना दोन व्हायोलिनांचा कन्चेर्टो पहिला घ्या, आणि त्याचा संथ भाग दोनदा ऐका. दोन व्हायोलिनं एकमेकांच्या मागून येतात, एक थांबतं तिथून दुसरं उचलतं. १९३२ साली पॅरिसमध्ये येहुदी मेन्युइन आणि त्याचे गुरू जॉर्ज एनेस्कू यांनी हा कन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. मेन्युइन तेव्हा सोळा वर्षांचा होता. हाच मेन्युइन पुढे १९५२ मध्ये भारतात आला आणि रविशंकरांचा मित्र झाला. तबकडीची खरखर आहे, पण शिष्याचा स्वर गुरूच्या स्वराशी कसा लागतो हे ऐकायचं असेल तर ती खरखर विसरायला होते.

‘ब्रांडेनबुर्ग’ कन्चेर्टोंसाठी कार्ल रिख्टरचं १९६७ चं किंवा बेंजामिन ब्रिटनचं १९६८ चं ध्वनिमुद्रण निवडा. रिख्टर शिस्तीचा आणि तेजस्वी, ब्रिटन मोकळा आणि मायाळू. तिसऱ्यापासून सुरू करा: तीन व्हायोलिन, तीन व्हायोला, त्याहून मोठे तीन चेलो, खाली बास आणि हार्प्सिकॉर्ड. त्याचा मधला भाग फक्त दोन स्वरसमूहांचा आहे, त्यामुळे काही राहून गेलं असं समजून मागे जाऊ नका. पाचव्यात पहिल्या भागाच्या शेवटी हार्प्सिकॉर्ड एकटंच सुटतं आणि बराच वेळ थांबत नाही. १९३५ मध्ये अडॉल्फ बुशच्या ताफ्यात रुडॉल्फ सेर्किननं ते पियानोवर वाजवलं, तेही शोधून ऐका. हँडेलचे १७३९ चे कन्चेर्टो मरिनरच्या १९६८ च्या संचात उत्तम आहेत. त्यात एकल वादक तिघे, दोन व्हायोलिन आणि एक चेलो, त्यामुळे चढाओढीपेक्षा संवाद जास्त.

सगळंच आधुनिक-वाद्य वादन चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. काही मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदांनी पन्नास-साठ वादक लावून बाख वाजवला आणि त्याचा चिखल केला. हर्बर्ट फॉन काराजानची बरोक ध्वनिमुद्रणं आवाजानं देखणी, पण त्यांत हार्प्सिकॉर्ड शोधावं लागतं आणि खालचे सूर जाड होतात. पारख सोपी आहे. खालच्या बासची ओळ वेगळी ऐकू येते का? जलद भागात प्रत्येक स्वर सुटा लागतो का? व्हायोलिनवादक सगळ्या स्वरांवर सारखाच कंप देत सुटला आहे का? या तीन प्रश्नांवर जे टिकलं ते ठेवा. ताफा पंधरा-वीस वादकांचा असेल तर बहुधा टिकतंच.

लावायचं कशावर

हे संगीत खालून वर बांधलेलं आहे. चेलो, बास आणि हार्प्सिकॉर्ड मिळून जी अखंड ओळ धरतात, तिच्यावर सगळं उभं राहतं. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून ही ओळ जवळजवळ ऐकूच येत नाही. उरतात ती वरची किरकिरणारी व्हायोलिनं, आणि नव्या श्रोत्याचा ग्रह होतो की हे संगीत कर्कश आहे. म्हणून निदान साधे वायरचे चांगले इअरफोन वापरा. स्पीकर असेल तर बास वाढवायची सोय बंद ठेवा. ती वाढवली की चेलोची ओळ नुसती घुमते. चैत्र-वैशाखात नांदेडात किंवा लातुरात पंखा-कूलर बंद करून ऐका असं मी सांगणार नाही. पण त्या आवाजातही टिकतात ती आधुनिक वाद्यं; जुन्या वाद्यांचा नाजूक आवाज पंख्याखाली हरवतो. त्यांची ध्वनिमुद्रणं पहाटेच्या शांततेसाठी ठेवा.

अ‍ॅपवर ऐकत असाल तर आधी शफल बंद करा, नाहीतर ‘ग्रीष्मा’च्या पहिल्या भागानंतर भलत्याच रचनेचा तिसरा भाग सुरू होतो. ध्वनीचा दर्जा सर्वांत वरचा निवडा आणि वायफाय असताना उतरवून ठेवा; वीज गेली तरी ऐकता येईल. शोधताना रोमन लिपीत रचनाकार, रचनेचं नाव, वादक आणि ताफा असं सगळं टाका, कारण एकट्या ‘चार ऋतूं’ची शेकडो ध्वनिमुद्रणं आहेत. मुखपृष्ठावरचं साल पुनर्प्रकाशनाचं असू शकतं. मूळ साल माहितीत खाली असतं, ते पाहा.

लातूरच्या शिकवणी वर्गांतली मुलं अभ्यास करताना तीन-तीन तासांचे ‘बरोक संगीत’ नावाचे व्हिडिओ लावतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या गठ्ठ्यांत कोण वाजवतं आहे हे बहुधा लिहिलेलं नसतं, कन्चेर्टोचे भाग तोडून इकडेतिकडे टाकलेले असतात, आणि त्यात हमखास असणारं ‘अल्बिनोनीचं अदाज्यो’ तर मुळात रेमो जाझोत्तो या संशोधकानं १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेली विसाव्या शतकातली रचना आहे. अभ्यासाच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी घ्याल तेव्हा पुस्तक मिटून एकच कन्चेर्टो पूर्ण ऐका. मन जास्त ताजं होईल.

महिनाभर असं ऐकल्यावर जुन्या वाद्यांकडे जरूर जा. ट्रेव्हर पिनॉकचा इंग्लिश कन्सर्ट हा ताफा आणि सायमन स्टँडेज यांचे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे ‘चार ऋतू’ लावा. पेटीवर काळी दोन धरा. स्वर आखूड, खरखरीत आणि नाचरे वाटतील, कुत्रा खरोखर भुंकेल. मग परत आयो किंवा लव्हडे ऐका. एकाच बंदिशीची दोन घराणी ऐकणारा आपला रसिक दोघांतल्या एकाला खोटं ठरवत नाही, आणि इथेही तसं ठरवण्याचं कारण नाही.

प्रत्यक्ष ऐकण्याची संधीही फार लांब नाही. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव यांनी तो उभा केला. त्याचे मुख्य हंगाम साधारण सप्टेंबर आणि फेब्रुवारीत असतात. लातूर एक्स्प्रेसनं किंवा नांदेडहून देवगिरीनं रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठता येते. मुंबईला कामानिमित्त जाणं होतंच; तारखा त्यांच्या कार्यक्रमांशी जुळवून घ्या. गज तारेवर पडताना सभागृहातली हवा कशी हलते ते ध्वनिमुद्रणात सापडत नाही.

शेवटी एक विनंती गायन-वादनाचे वर्ग चालवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना. नांदेड-लातुरात गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणारी पुष्कळ मुलं आहेत, आणि त्यांतली काही व्हायोलिन शिकतात. महिन्यातून एकदा, रियाज संपल्यावर, पेटीवर पांढरी तीन धरा आणि त्यांना ‘वसंता’चा पहिला भाग ऐकवा. धृपद प्रत्येक वेळी कुठल्या स्वरावर परत आलं ते त्यांना ओळखू द्या. साडेतीन मिनिटं लागतात.